पासवर्डचं रजिस्टर

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक रजिस्टर होतं. लांबट, लाल कापडी पाठीचं. त्यात चार रकाने आखलेले असायचे: अनुक्रमांक, रोल नंबर, पासवर्ड, सही. दर सत्राच्या पहिल्या सोमवारी आम्ही लॅबच्या दाराबाहेर चपला काढायचो, रांगेत उभे राहायचो आणि एकेकजण आपला पासवर्ड त्यात लिहून पुढे सही करायचा.

आज हे कुणाला सांगितलं तर हसतात. तेव्हा आम्ही कुणी हसलो नाही. पासवर्ड म्हणजे काय हेच आम्हाला नीट ठाऊक नव्हतं. रजिस्टरची व्यवस्था लॅबमधल्या मदतनिसांकडे होती. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामा पारनेरकडचे, साधे, बोलके. त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. मुलं पासवर्ड विसरायची, आणि मग मामांना मागच्या शेडमधल्या लॅबमधून मुख्य इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत जाऊन तो बदलून द्यावा लागायचा. त्यांचे गुडघे दुखायचे. म्हणून रजिस्टर.

मी माझा पासवर्ड पाटीवर लिहावा तसा सुवाच्य लिहिला. आईच्या माहेरचं गाव आणि पुढे दोन आकडे, इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं. सरकारी कागदावर अक्षर स्वच्छ हवं, हे मला लहानपणापासून सांगितलेलं होतं. मामा वाकून म्हणाले, "तुजं अक्षर लई झ्याक हाय. बाकीच्यांचं तर वाचताच येत न्हाई."

त्या कौतुकानं मला दिवसभर बरं वाटत होतं. पुढे जे झालं ते बहुतेक त्या अक्षरामुळेच झालं.

माझं गाव खर्ड्याजवळचं. वडील गावातल्या शाळेत शिपाई होते. शाळेच्या खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असायचा. जेवतानासुद्धा ते तो काढत नसत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला. इंजिनियरिंग कॉलेज होतं प्रवरेच्या उसाच्या पट्ट्यात, आमच्या कोरड्या मुलखापासून एसटीनं दिवसभराच्या अंतरावर. हंगामात सगळ्या वर्गांत मळीचा वास भरून राहायचा. वर्गात मी प्रश्न विचारत नसे. विचारायचा असला तर मनात तीनदा जुळवून बघायचो, आणि तोवर तास संपायचा.

त्या वेळच्या यंत्रणेबद्दल थोडं सांगायला हवं. सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर, कुलपात. तिथून एक काळी केबल खाली येऊन शेडमधल्या वीसेक पीसींना, विभागप्रमुखांच्या केबिनला आणि स्टाफरूमला जोडलेली. आम्ही लॅबमध्ये बसून टेलनेट नावाच्या प्रोग्रॅमनं त्या दूरच्या सर्व्हरवर जायचो: रोल नंबर द्यायचा, पासवर्ड द्यायचा, की जणू त्या वरच्या मशीनसमोरच बसलो आहोत. टेलनेट तुमचं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं त्या केबलवरून पाठवतं. पासवर्डसुद्धा. पडद्यावर तो दिसत नाही, म्हणून आम्हाला वाटायचं तो लपलेला आहे.

तिसऱ्या वर्षी चाचणी परीक्षेचा एक पेपर फुटला. एका मॅडमनी तो टाइप करून सर्व्हरवरच्या आपल्या डिरेक्टरीत, म्हणजे आपल्या नावाच्या कप्प्यात, ठेवला होता. त्याची प्रत सापडली माझ्या डिरेक्टरीत. बुधवारी दुपारी माझ्या रोल नंबरानं कुणीतरी सर्व्हरवर आलेलं होतं आणि ती फाइल तेव्हाच उचललेली होती.

त्या बुधवारी दुपारी मी कॉलेजात नव्हतोच. स्कॉलरशिपच्या अर्जावर शिक्का घ्यायला तालुक्याच्या गावी गेलो होतो. मी तो अर्ज विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवला. तारखेचा शिक्का जांभळा, स्पष्ट होता. सरांनी तो बोटानं बाजूला सरकवला.

"म्हणजे प्रॅक्टिकल बुडवून गेला होतास."

"हो सर. पण..."

"मग पासवर्ड कुणाला तरी देऊन गेला असशील."

मी मनात जुळवत बसलो नाही. ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं. "पासवर्ड मी एकाच ठिकाणी दिलाय सर. आपल्या रजिस्टरमध्ये."

मामा दाराशी उभे होते, त्यांनी खाली बघितलं.

"रजिस्टर कपाटात असतं," सर म्हणाले. "स्टाफवर संशय घेतोस?"

रजिस्टर कपाटात नसायचं. ते मामांच्या टेबलावर असायचं, त्याच्यावर पाण्याची बाटली असायची, आणि हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मामांनाही. ते बोलले नाहीत. मीही पुढे बोललो नाही, आणि त्याचा स्वतःवरचा राग मला इतरांवरच्या रागापेक्षा जास्त दिवस पुरला.

सरांनी एक टाइप केलेलं पत्र पुढे सरकवलं. माफीपत्र. 'माझ्या हातून झालेल्या गैरवर्तनाबद्दल' अशी सुरुवात होती. आजवर ते मला 'तू' म्हणत आले होते, पण तेव्हा म्हणाले, "तुम्हाला सवलती मिळतात, सगळं मिळतं, तरी तुम्ही हे असं करता." त्या एका वाक्यात मी एकटा राहिलो नाही, माझ्यामागे माझं घर, माझी आळी, सगळे त्या केबिनमध्ये आरोपी म्हणून उभे राहिले. मी पत्रावर सही केली नाही.

"सही करायची नसेल तर वडिलांना घेऊन ये. नाहीतर टर्म मंजूर होणार नाही."

टर्म मंजूर झाली नाही तर परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही. वर्ष जातं, आणि वर्ष गेलं की स्कॉलरशिप जाते. पण खरं सांगायचं तर मला वर्षापेक्षा वडिलांची धास्ती होती. ते रागावतील याची नाही. ते येतील, दाराबाहेर चपला काढतील, आणि सरांनी तोंड उघडायच्या आधीच हात जोडून म्हणतील, "पोरगं चुकलं आसंल साहेब, माफ करा." शाळेत मोजपट्टी हरवली की सगळ्यात आधी त्यांनाच विचारायचे, कारण चाव्या त्यांच्याकडे. तीस वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं होतं. माझ्यासाठी त्यांनी तसं उभं राहू नये, एवढंच मला हवं होतं.

माझी लॅब पार्टनर नगर शहरातली होती. तिच्या घरी कॉम्प्युटर मासिक यायचं, आणि त्याच्याबरोबर सीडी. मी तिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "अरे, तू रडतोयस कशाला? रजिस्टर राहू दे. पासवर्ड केबलवरूनसुद्धा वाचता येतो, ते दाखव त्यांना."

"आणि मग?"

"आणि मग वाचता येणार नाही असं करून दाखव. सीडीवर एसएसएच आहे. टेलनेटसारखंच, पण सगळं गुप्त लिपीत जातं."

मी विभागप्रमुखांकडे गेलो. केबिनबाहेर अर्धा तास वाक्य जुळवलं. सर, आपलं नेटवर्क कुणालाही वाचता येतं, हे मी सिद्ध करतो, आणि ते सुरक्षित करून देतो. मला आठ दिवस द्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांना बहुधा गंमत वाटली. "आठ दिवस. नवव्या दिवशी सही, नाहीतर वडील."

दुसऱ्या दिवशीच आम्हाला मामांची गरज पडली. सर्व्हरवर नवीन काही बसवायचं तर मुख्य खात्याचा, म्हणजे रूटचा, पासवर्ड लागतो आणि तो मामांकडे होता. अलीकडे ते वर चढणं टाळून अशी कामं लॅबमधूनच करायचे; आताही तिथल्याच पीसीवरून टेलनेटनं ते सर्व्हरवर गेले आणि मला म्हणाले, "तोंड तिकडं कर. भिताडाकडं."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. शाळेत पाढे चुकल्यावर उभे करायचे तसा. माझा पासवर्ड सगळ्या लॅबसाठी टेबलावर उघडा, आणि त्यांचा टाइप होताना मी भिंत बघायची! मला इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड ठेवूनच बोललो, "मामा, इथून नका टाकू. केबलवर उघडा जातोय तो. वर जाऊन टाका."

"आता तीन मजले चढू का? गुडगं काय तुजा बाप दील?"

"मग मी बघितलं काय आन् न्हाई काय, सारखंच हाय!" मी माझ्या बोलीत ओरडलो होतो. कॉलेजात मी ती बोली कधी बोलत नसे.

मामा उठले, गुडघे धरून तिसऱ्या मजल्यावर गेले आणि मला बरोबर नेलं. वरच्या मशीनसमोर पुन्हा म्हणाले, "तोंड तिकडं." पण या वेळी जरा हळू.

एसएसएचचा सोर्स कोड त्या जुन्या सर्व्हरवर कंपाइल व्हायला, म्हणजे त्या मशीनला समजेल अशा रूपात यायला, अर्धी सकाळ लागली. शेवटी सुरू झालं. लॅबमधून जोडून बघितलं, जोडलं गेलं. आम्ही दोघांनी आनंदानं बाकावर हात आपटले. दुपारी लोडशेडिंग झालं, वीज दोन तासांनी आली, आणि एसएसएच जोडायलाच तयार नाही. सर्व्हर चालू, केबल ठीक, टेलनेट जातंय. मी दोन दिवस केबलचे सांधे तपासले. तिसऱ्या दिवशी पार्टनरच्या लक्षात आलं, की मशीन बंद होऊन चालू झालं की आमचा प्रोग्रॅम आपोआप सुरूच होत नाही. सुरुवातीच्या यादीत आम्ही त्याचं नावच घातलं नव्हतं. इतकं साधं. दोन दिवस गेले.

खरी अडचण त्यापुढची. एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी चाव्यांची जोडी वापरता येते. एक चावी स्वतःजवळ ठेवायची, कुणाला द्यायची नाही. दुसरी सर्व्हरवर आपल्या डिरेक्टरीत ठेवायची; ती कुणी पाहिली तरी चालते. दोन्ही जुळल्या की आत प्रवेश. मला हेच हवं होतं, कारण चावीतलं रजिस्टरमध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं. मी चाव्या बनवल्या, जागेवर ठेवल्या, जोडलं. त्यानं पासवर्डच मागितला. पुन्हा बनवल्या. पुन्हा पासवर्ड. चार दिवस. पुस्तिका शब्दन् शब्द वाचली. सर्व्हर माझी चावी बघत होता आणि एक अक्षर न बोलता नाकारत होता. तुझी चावी आम्हाला मान्य नाही, का ते सांगणार नाही. केबिनमधल्यासारखंच वाटायला लागलं होतं.

पार्टनरनं विचारलं, "लॉग बघितलास?"

"तो स्टाफसाठी असतो."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मीच धरून चाललो होतो, की सर्व्हर आपल्याबद्दल काय लिहून ठेवतो ते बघण्याचा आपल्याला अधिकार नाही. चार दिवस मी मागितलंच नाही म्हणून मला मिळालं नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

आठव्या दिवशी मी मामांना विचारलं. ते वर आले आणि त्यांनी लॉग उघडून दिला. तिथे माझ्या प्रत्येक प्रयत्नापुढे एकच ओळ होती: या खात्याची डिरेक्टरी इतरांना लिहिण्यासाठी उघडी आहे, म्हणून चावी स्वीकारली नाही.

आमच्याकडे सगळ्यांच्याच डिरेक्टरी सगळ्यांना उघड्या होत्या. वाचायलाही आणि लिहायलाही. सर जर्नल तपासायचे ते थेट प्रत्येकाच्या डिरेक्टरीत शिरून, आणि शेरा तिथेच लिहायचे. त्यासाठी कुणीतरी कधीतरी सगळी दारं उघडी केली होती आणि ती तशीच राहिली होती. मॅडमचा पेपरही अशाच उघड्या घरात पडलेला. एसएसएच म्हणत होतं, ज्या घरात कुणीही येऊन काहीही ठेवू शकतो, तिथे ठेवलेल्या चावीवर मी विश्वास ठेवणार नाही. मी ती ओळ परत परत वाचली. कॉलेजात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूचं बोललं होतं, आणि तो एक प्रोग्रॅम होता.

मी एक आज्ञा दिली: माझी डिरेक्टरी वाचायला सगळ्यांना, लिहायला फक्त मला. खाली पळत येऊन जोडलं. पासवर्ड न विचारता मी आत होतो.

मामा धापा टाकत मागून आले. "झालं?"

"झालं मामा."

"मग रडतो का रं?"

नवव्या दिवशी विभागप्रमुख लॅबमध्ये आले. पार्टनरनं एका पीसीवर टेलनेट लावून माझा रोल नंबर आणि त्याच सकाळी बदललेला माझा पासवर्ड टाइप केला. दुसऱ्या एका पीसीवर आम्ही सीडीतलं लिनक्स टाकून केबलवरून जाणारं सगळं टिपणारा प्रोग्रॅम लावला होता; तिथे, सरांच्या डोळ्यांसमोर, ती अक्षरं एकामागून एक उमटली. मामा एरवी लॅबमधून टाकायचे तो रूटचा पासवर्डही त्याच केबलवरून जायचा; दाखवायचं असतं तर तोही दाखवता आला असता. मी तो दाखवला नाही. मामा कोपऱ्यात उभे होते.

सरांनी चष्मा काढून पुसला. आणि म्हणाले, "म्हणजे तुला हे येतं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान तापले. मी निर्दोष आहे हे दाखवायला जे शिकलो, तोच आता माझ्याविरुद्धचा पुरावा होता.

पार्टनर ताडकन म्हणाली, "सर, त्याला हे शिकून आठवडाही झाला नाही. पेपर तीन आठवड्यांपूर्वी फुटला."

मग आम्ही एसएसएच दाखवलं. त्या दुसऱ्या पीसीवर नुसता कचरा उमटत राहिला, एकही शब्द लागेना. मग मी सर्व्हरवरची कोण कधी कुठून आलं त्याची यादी उघडली. तो बुधवार. माझा रोल नंबर. आणि पुढे, ज्या पीसीवरून आला त्याचं नाव. तो पीसी लॅबमधला नव्हता. स्टाफरूममधला होता.

ही यादी पहिल्या दिवसापासून तिथेच होती. रोल नंबराच्या पुढचा शब्द कुणी वाचला नव्हता. वाचायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"ते मी बघतो," सर म्हणाले.

त्यांनी काय बघितलं मला माहीत नाही. त्या दुपारी स्टाफरूममध्ये कोण होतं, हे माझ्या माहितीप्रमाणे कधीच कुणी विचारलं नाही. माझी टर्म मंजूर झाली. वडिलांना यावं लागलं नाही. माझा दोष नव्हता, असं मात्र मला कुणी सांगितलं नाही. मी ते माफीपत्र मागितलं तेव्हा सर म्हणाले, "राहू दे फाइलला. सही कुठं केलीयस त्यावर?" जणू त्यांनी माझ्यावर उपकारच केले होते.

पण एसएसएच त्यांना आवडलं. पुढच्या सत्रापासून सगळ्या विद्यार्थ्यांनी तेच वापरायचं असं ठरलं. सूचनाफलकावर लागलं, खाली सरांची सही. आपल्याजवळच्या चावीलाही एक परवलीचा शब्द लावता येतो; मी तेव्हा तो लावला नव्हता, आता सगळ्यांना सक्तीचा होता. तो दिल्याशिवाय ती चालत नाही. सत्राच्या पहिल्या सोमवारी आम्ही चपला काढून रांगेत उभे राहिलो. माझा नंबर आला. टेबलावर तेच लाल पाठीचं रजिस्टर होतं. पट्टीनं नवीन रकाना आखलेला: चावीचा परवलीचा शब्द.

माझ्या आधीच्या सगळ्यांनी लिहिला होता.

"लिही," मामा म्हणाले.

"न्हाई मामा."

"आरं, सगळ्यांनी लिवलाय. तूच आणलंस ना हे? रकाना रिकामा ऱ्हायला तर सायेब मला इचारतील."

मागची रांग कुजबुजायला लागली. "चल ना रे, हीरो," कुणीतरी म्हणालं. मी मनात वाक्य जुळवलं नाही.

"रिकामा नका ठेवू. लिहा, दिला नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग रजिस्टर स्वतःकडे ओढून, पेन उचलून, माझ्या रोल नंबरापुढे सावकाश लिहिलं: दिला नाही. त्यांचं अक्षर वाकडं होतं, पण वाचता येत होतं. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

मी तिथे सही केली.